वायसरचे मिस्त्री

धाकूमिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या खोलीच्या बंद दाराला कान लावून उभे होते. मी बावीस वर्षांची, मुरबाडच्या मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली, एकटी राहणारी. शाळेतून येते तो हा पन्नाशीचा, तेलाचा वास मारणारा माणूस डोळे मिटून माझ्या दाराला चिकटलेला. मी मोठ्याने घसा खाकरला. त्यावर दचकायचं सोडून त्यांनी मलाच हाताने 'थांबा' अशी खूण केली, दार कुलपासकट जरा हलवलं आणि म्हणाले, "वरची बिजागरी रडते, मास्तरीणबाय. खालची बरी हाय." खिशातून तेलाची कुपी काढून त्यांनी वर दोन थेंब सोडले, खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले, मला नमस्कार केला आणि शेजारच्या खोलीत निघून गेले.

आमच्या तीन खोल्या एका ओळीत होत्या. पहिली पडवीसकट घरमालकीण बयोकाकूंची, मधली माझी, शेवटची मिस्त्रींची. मिस्त्रींनी त्या आळीतल्या झाडून सगळ्या दारांना असं न विचारता तेल घातलं होतं. बयोकाकूंना ते मुळीच पसंत नव्हतं. "पूर्वी दार वाजलं का कळायचं, कोण तरी आलं," त्या म्हणायच्या. "आता मांजर आलं तरी कळत नाय नि जावई आला तरी कळत नाय."

मिस्त्री म्हसा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या भातगिरणीत इंजिन चालवायचे. गावात तेव्हा वीज आलेली नव्हती. गिरणी चालायची ती एका अवाढव्य तेलाच्या इंजिनावर, आणि त्या इंजिनाला मिस्त्री 'म्हातारा' म्हणायचे. म्हाताऱ्याचं डोकं सकाळी दिव्याने अर्धा तास तापवावं लागे, तेव्हा कुठे तो सुरू होई. म्हणून एकदा सुरू झाला की संध्याकाळपर्यंत त्याला कुणी बंद करत नसे. टुक्... टुक्... टुक्... असा त्याचा जड आवाज दिवसभर गावावरून फिरायचा. मध्ये पट्टा उतरवला, म्हणजे गिरणीचं ओझं काढून घेतलं, की म्हातारा हलका व्हायचा आणि सुटी मिळाल्यासारखा टुकटुकटुकटुक करत राहायचा. हे दोन आवाज मुरबाडात पाळण्यातल्या पोरालाही ओळखू येत.

मिस्त्रींचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं. "मशीनला दोष नाय. दोष चालवणाऱ्याचा." भात करपला, एसटी बंद पडली, कुणाचा पोरगा पळून गेला, काहीही झालं तरी मिस्त्री मान हलवून हेच म्हणणार. एकदा मी सहज त्यांच्याजवळ तक्रार केली, की माझ्या वर्गातल्या अकरा मुली गणितात नापास झाल्या. त्यांनी माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं आणि म्हणाले, "मशीनला दोष नाय, मास्तरीणबाय." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

लग्न त्यांनी केलेलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणत, "तवा सीझन चालू होता."

पौषात म्हशाची जत्रा भरते. तिथे लोक बैल घ्यायला जातात, मिस्त्री घोंगडी घ्यायला गेले. परत आले तेव्हा घोंगडी त्यांनी लेकुरवाळ्या बाईसारखी पोटाशी धरली होती आणि घोंगडी कुईकुई करत होती. कुणाच्या तरी बैलगाडीखाली कुत्री व्यायली होती. गाड्या हलल्या, कुत्रीही गेली, आणि एक पिल्लू मागे राहिलं. तपकिरी रंगाचं, एका डोळ्याभोवती पांढरं गोल कडं असलेलं. ते कडं पाहून मिस्त्रींनी जागच्या जागी नाव ठेवलं, वायसर. नळाला गळती लागली की चाकीत घालतात ती चकती. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी कोरी घोंगडी धुऊन कुंपणावर वाळत पडलेली दिसली तेव्हा आम्हाला कळलं, की हा वायसर स्वतःच गळका आहे.

इथे बयोकाकूंच्या जमिनीबद्दल सांगायला हवं. सोमवारी आणि शुक्रवारी त्या पडवी आणि अंगण शेणाने सारवत. बोटांचे अर्धगोल एकाला एक असे लागलेले असत, की पाय टाकायला जिवावर यायचं. या कलेत बयोकाकूंना गावात कुणाची भीती नव्हती, भीती होती ती एकाच बाईची. ती म्हणजे त्यांच्या मुलीची सासू, शहापूरच्या विहीणबाई. त्या दर होळीला येत आणि बसायच्या आधी जमीन पाहत. एका वर्षी त्यांनी कोपऱ्यातल्या एका पोपड्याकडे बोट दाखवून नुसतं "हं" म्हटलं होतं. ते "हं" बयोकाकू चार वर्षं उगाळत होत्या.

वायसरने आठवडाभरात त्या पडवीवर पाच तळी केली. सहाव्याला बयोकाकू कमरेला पदर खोचून मिस्त्रींच्या दारात उभ्या राहिल्या. "होळीला विहीणबाय येतीय," त्या म्हणाल्या. "त्या दिशी माझ्या सारवणावर एक थेंब दिसला, तर कुत्रा म्हशाला नेऊन सोडायचा. नायतर खोली सोडायची. सांगून ठेवते."

मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, "मग आमी दोघं जाऊ."

मला खरंच वाईट वाटलं. चौदा वर्षं त्या खोलीतून भांड्याच्या आवाजापलीकडे काही ऐकू आलं नव्हतं असं काकूच सांगायच्या, आणि आता भिंतीपलीकडून मिस्त्री तासतासभर कुणाशी तरी बोलत असत. पिल्लाला ते इंजिन कसं चालतं ते पहिल्यापासून समजावून सांगत होते. मी भिंतीला टेकून वह्या तपासत ऐकायची. माझंही इंजिनाचं ज्ञान त्या दिवसांत बरंच वाढलं.

होळीला दोन महिने होते, आणि नेमका तोच भाताचा सीझन. गिरणीसमोर बैलगाड्यांची रांग, डोक्यावर पाट्या घेऊन वाड्या-पाड्यांवरून चालत आलेल्या बाया, आणि म्हातारा सकाळी सातपासून सुरू. मिस्त्रींनी त्यातून मार्ग काढला. दर दोन तासांनी ते पट्टा उतरवायचे, म्हाताऱ्याला हलका चालत ठेवायचे आणि घराकडे पळत सुटायचे. खाकी अर्धी चड्डी, काड्यांसारखे पाय, खांद्यावर उडणारं फडकं. तेवढा वेळ गिरणीचे शेठ स्वतः इंजिनासमोर स्टूल टाकून, ते अंगावर येईल अशा बेताने, देवाचं नाव घेत बसायचे.

याचा परिणाम असा झाला, की वायसरच्या लघुशंकेचं वेळापत्रक सगळ्या गावाला पाठ झालं. जड टुक्-टुक् थांबून हलकं टुकटुकटुक सुरू झालं, की माझ्या वर्गातल्या चाळीस मुली पाढे सोडून एका सुरात ओरडायच्या, "बाई, वायसर सुटला!" घरोघरच्या बाया त्यावर चुलीवरचा भात उतरवायच्या. दवाखान्यातल्या कंपाउंडरने म्हणे त्या आवाजावर औषधाच्या वेळा लावून दिल्या होत्या.

फक्त वायसरला काही पत्ता नव्हता. मिस्त्री धापा टाकत येत, त्याला उचलून अंगणात ठेवत आणि त्याच्या पोटावर स्क्रूड्रायव्हरचं टोक ठेवून मूठ स्वतःच्या कानाला लावत. इंजिनाच्या आतलं ते असंच ऐकत. "टाकी भरली हाय," ते गंभीरपणे जाहीर करत. वायसर अंगणात बसून आभाळ पाही, जांभई देई, आणि मिस्त्रींची पाठ वळली की पडवीवर चढून टाकी मोकळी करी.

मिस्त्रींनी पिल्लावर कधी हात उगारला नाही. दोष चालवणाऱ्याचा! त्यामुळे शिक्षाही चालवणाऱ्याला. दिवसाला त्यांना दोन कप चहा लागायचा, एक सकाळी, एक चारला. वायसरची एक चूक झाली की एक कप बंद, दुसरी झाली की दुसराही. तिसऱ्या आठवड्यापासून मिस्त्रींच्या तोंडाला चहा नव्हता. चहाशिवाय त्यांच्या हातून पट्टा वाकडा चढायचा. शेठने स्वतःच्या घरून किटलीभर चहा आणवला. मिस्त्रींनी किटलीला कान लावला, "चांगला उकळलाय," म्हणाले, आणि परत पाठवला.

कोडं सोडवलं ते पोशीबायने. ती ठाकरवाडीवरून भात घेऊन आलेली म्हातारी, सकाळपासून रांगेत बसून हा पळापळीचा खेळ पाहत होती. तिने मिस्त्रींना जवळ बोलावलं. "आरं मिस्त्री, तू त्याला नेतंस कुठं?"

"अंगणात."

"नि अंगण कशानं सारवलंय?"

"शेणानं."

"नि पडवी?"

मिस्त्रींनी वळून घराच्या दिशेला पाहिलं.

"घरातही शेण, भाईरही शेण," पोशीबाय म्हणाली. "त्या पोराला काय कळंल घर कुठलं नि अंगण कुठलं? तू सांगतंस तसंच करतंय त्ये. सारवल्यावर बसतंय."

मिस्त्रींनी त्या म्हातारीचं भात रांग मोडून आधी कांडून दिलं. शेठही वैतागले होते. म्हणाले, "आण रे बाबा त्याला इथंच. त्या इंजिनासमोर मला पुन्हा बसवू नको."

गिरणीच्या मागे तुसाचा मोठा ढीग होता. भात भरडलं की जी टरफलं उडतात ती. दर दोन तासांनी पट्टा उतरवायचा, वायसरला उचलायचं आणि त्या ढिगावर ठेवायचं. चार दिवसांत वायसर स्वतःच ढिगाकडे धावायला लागला. मिस्त्रींनी गिरणीसमोरच्या हॉटेलात उभं राहून पाठोपाठ दोन कप चहा घेतला आणि जो भेटेल त्याला दोन बोटं वर करून दाखवली. पुढे ती त्यांची खूणच झाली. संध्याकाळी घरी येताना ते लांबूनच दोन बोटं वर करायचे, म्हणजे आज एकही चूक नाही.

हा आनंद एक आठवडा टिकला. त्या काळी निम्मं मुरबाड तुसाच्या राखुंडीने दात घासायचं. घरोघरी तुसाची एक पाटी भरलेली असायची. त्यातलं तूस भाजायचं, कुटायचं, डबीत भरायचं. बयोकाकूंची पाटी मागच्या दाराशी असे. एका सकाळी राखुंडीसाठी तूस काढायला त्या गेल्या तर पाटीत वायसर बसलेला, डोळे अर्धवट मिटून, अतिशय समाधानी. पाटीत तो चढला कसा, तर सवयीने. तो रोज चढत होता. आणि बयोकाकू रोज वरचं वरचं तूस काढत होत्या.

त्या सावकाश खाली बसल्या. "मी आठ दिवस..." एवढंच म्हणाल्या, आणि तांब्या घेऊन विहिरीकडे गेल्या. दुपारपर्यंत त्यांच्या चुळा भरण्याचा आवाज येत होता. मी हसू दाबत दारात उभी होते, आणि मग माझ्या लक्षात आलं, की माझी राखुंडीही काकूच देतात. त्या दिवसापासून मी दुकानातली पांढरी पावडर वापरते.

"भाजलेलं होतं ना, काकू," मिस्त्री चाचरत म्हणाले. "आगीत सगळं जातं. आणि मशीनला दोष..."

"मशीन घाला चुलीत!" काकू गरजल्या. होळीला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

मिस्त्रींनी चहा पुन्हा सोडला. वायसरला आळीतल्या पाच घरांतून आज्ञाधारकपणे पाटीत बसताना पकडण्यात आलं होतं. त्याची चूक काहीच नव्हती, आणि मिस्त्रींना नेमकं तेच खात होतं. त्यांनी खोलीतली ट्रंक ओढून दाराशी आणून ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, "असू दे. जायचं झालं तर टाईम नको जायला."

मग एका दुपारी गिरणीत एक पोतं अडकलं म्हणून मिस्त्रींनी पट्टा उतरवला. पिल्लाची ती वेळ नव्हती. म्हातारा हलका झाला, टुकटुकटुक, आणि कोपऱ्यात झोपलेला वायसर झोपेतच उठला, दाराबाहेर गेला, तूस नाही की शेण नाही, उघड्या दगडावर मोकळा झाला आणि परत येऊन झोपला. मिस्त्री अडकलेलं पोतं तसंच सोडून बघत राहिले. त्यांनी पट्टा चढवला, तासाभराने मुद्दाम पुन्हा उतरवला. वायसर पुन्हा उठला. दीड महिना दर वेळी पट्टा उतरवल्यावरच ते त्याला बाहेर नेत होते. पिल्लू नुसती जागा शिकलं नव्हतं, म्हाताऱ्याचा आवाजही शिकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता मला जाग आली ती इंजिनाच्या आवाजाने. खिडकीतून पाहिलं तर मिस्त्री निरगुडीच्या कुंपणाशी ताठ उभे, हात पाठीमागे, गाल फुगवलेले, आणि तोंडाने चाललंय, "टुकटुकटुकटुक... टुकटुकटुकटुक..." समोर वायसर. आवाज ऐकताच तो बसला. मिस्त्रींनी मला खिडकीत पाहिलं आणि न लाजता समजावलं, "चार ठोके घ्यायचे, मास्तरीणबाय, नि पाचवा गाळायचा. म्हातारा हलका चालतो तवा पाचवा खातो. नाय गाळला तर हा ऐकत नाय. खोटं कळतं त्याला."

होळी झाली, आणि धुळवडीच्या दिवशी विहीणबाई शहापूरच्या एसटीने आल्या. पडवी अशी सारवली होती, की काकू स्वतःच कडेकडेने चालत होत्या. विहीणबाईंनी चारही कोपरे पाहिले. "हं" म्हणाल्या नाहीत. पाटावर बसल्या. पुरणपोळ्या वाढल्या. मी आणि मिस्त्री पाहुणे म्हणून कडेला बसलो होतो. सणामुळे गिरणी बंद, म्हातारा थंड. वायसरला मिस्त्रींनी खोलीत ठेवून दार ओढून घेतलं होतं.

ते दार वायसरने नाकाने ढकललं. बिजागरीत भरपूर तेल होतं. कुणाला काही ऐकू आलं नाही.

मी मान वर केली तेव्हा वायसर पडवीच्या मधोमध होता. त्याने जमीन हुंगली. स्वतःभोवती एक फेरी घेतली. काकूंच्या हातातलं तुपाचं भांडं हवेतच राहिलं. मिस्त्रींच्या तोंडात अख्खी पोळी होती. पाहुण्या बायकांसमोर मान वर करून बोलायलाही लाजणारा तो माणूस. विहीणबाईंना तर त्यांनी आल्यापासून नीट पाहिलंही नव्हतं. वायसरने दुसरी फेरी घेतली.

मिस्त्रींनी पोळी गिळली, उभे राहिले, हात पाठीमागे घेतले आणि गाल फुगवले.

"टुकटुकटुकटुक... टुकटुकटुकटुक..."

तोंड आमच्याकडे, पावलं उलटी, असे ते पायऱ्या उतरून कुंपणाकडे निघाले. कानशिलं लाल झाली होती, पण पाचवा ठोका ते एकदाही चुकले नाहीत. वायसर बसता बसता थांबला, कान टवकारले आणि त्यांच्यामागे निघाला.

विहीणबाईंचा घास हातातच. "अगो, ह्यांना काय झालं?"

बयोकाकूंनी तूप वाढलं. "काय नाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "गिरणीवाले हायत. सणालासुद्धा काम घरी आणतात."

संध्याकाळी विहीणबाई देवळात गेल्या होत्या. मिस्त्री हॉटेलावरून येताना दिसले, लांबूनच दोन बोटं वर करून, चेहराभर हसत. मी ते सांगायला मागच्या दारी गेले तर बयोकाकू पाटीच्या आड, कोपऱ्यात, हातभर जागा घाईघाईने सारवत होत्या.

"काय झालं, काकू?"

"काय नाय. पोपडा निघाला होता." मग माझ्याकडे न बघता, शेणाच्या हातानेच मला गप्प राहायची खूण करून म्हणाल्या, "मिस्त्रीला सांगू नको हां. परत चहा सोडंल."

मी आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढे पाच-सहा वर्षांनी गावात वीज आली. शेठने विजेची मोटर बसवली. तिला तापवावं लागत नसे, खटका दाबला की झालं. मिस्त्रींनी तिलाही स्क्रूड्रायव्हर लावून कान दिला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "ह्याच्यात कोण नाय." म्हाताऱ्याचे तुकडे करून एका गाडीत घालून नेले, तेव्हा ते बघायला गेले नाहीत. तीन महिन्यांनी खर्डीला बहिणीकडे राहायला जायचं त्यांनी ठरवलं.

मी आणि बयोकाकू त्यांना एसटीवर पोचवायला गेलो. तीच ट्रंक, तीच म्हशाची घोंगडी, आणि तोंडावर पांढरे केस आलेला वायसर. कंडक्टर भला होता. कुत्र्याला न्यायला तयार झाला, पण म्हणाला, "मिस्त्री, गाडीत काय घाण झाली तर खाली उतरवीन हां, दोघांना."

मिस्त्रींनी ट्रंक खाली ठेवली आणि वायसरला घेऊन स्टँडच्या कडेच्या लिंबाखाली गेले. भरलेली गाडी सगळी खिडक्यांतून बघत होती. ताठ उभे राहिले, हात पाठीमागे, गाल फुगवले. दात पडल्यामुळे आवाज जरा फाटका निघत होता. "टुकटुकटुकटुक..." आणि पाचव्याला ते थांबले. पुन्हा चार, पुन्हा थांबले. गाडीत कुणीतरी हसायला लागलं होतं, ते गप्प झालं. कोपऱ्यातला पानवाला बाहेर येऊन उभा राहिला. तीन महिन्यांत तो आवाज मुरबाडने ऐकला नव्हता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. वायसरने सावकाश पाय वर केला.

कंडक्टरने त्याचं होईपर्यंत घंटीची दोरी ओढली नाही. मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले, आम्हाला नमस्कार केला, कुत्र्याला उचलून गाडीत चढले. गाडी हलली तशा बयोकाकू एकदम दोन पावलं पुढे धावल्या आणि ओरडल्या, "मिस्त्री, चहा घेतलात का?"

खिडकीतून हात बाहेर आला. दोन बोटं वर होती.